वेळी ये

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर भाताच्या शितांनी फोटो चिकटवले. घरातली डिंकाची बाटली वाळून दगड झाली होती. सरकारी शैक्षणिक कर्जाचा अर्ज. विद्यार्थ्याच्या चौकटीत तिचा फोटो, वय अठ्ठावन्न. पालकाच्या चौकटीत माझा, कारण नवऱ्यासाठी चौकटच छापलेली नव्हती. मी म्हणालो, "मी सातवी नापास. तुझा पालक कसला?" ती म्हणाली, "अहो, कागदावर तरी एकदा माझी जबाबदारी घ्या." आणि उरलेलं शीत माझ्या नाकाला लावलं. सोमवार होता तो. दुपारी बारा वाजता ती स्वयंपाकघरात मटकन खाली बसली, ती उठली नाही.

बँकेतला वॉचमन तिला 'स्टुडंटम्मा' म्हणायचा. आधी चेष्टेने, मग रीतसर. मीही इथे तेच म्हणतो. तिचं खरं नाव कागदावर लिहायला गेलो की हात चालत नाही.

स्टुडंटम्माला कुणी बाहेर घालवलं की दुसऱ्या दिवशी ती वेळेवर हजर. ही खोड जुनी. लग्न होऊन नगरकडून इथे आली तेव्हा चेन्नईला मद्रास म्हणत. मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर, मला रजा नाही, म्हणून रेशन कार्डासाठी एकटीच गेली. कारकून म्हणाला, 'वेळिये'. तमिळमध्ये त्याचा अर्थ बाहेर. हिला ऐकू आलं, 'वेळी ये'. घरी येऊन मला सांगते, "माणूस भला आहे, मराठी येतं त्याला. वेळेवर यायला सांगितलंय." दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी दारात. तो पुन्हा 'वेळिये'. ही तिसऱ्या दिवशी त्याहून लवकर. चौथ्या दिवशी त्याने कंटाळून कार्ड दिलं. पुढे ती माझ्यापेक्षा चांगलं तमिळ शिकली, पण त्या शब्दाचा अर्थ तिने काही बदलला नाही.

अण्णा नगरात ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा आहे, तिथे ती आया म्हणून लागली. पोरांचं नाक पुसता पुसता त्यांची हाताची भाषा शिकली. कारखान्याच्या आवाजाने माझेही कान अर्धे गेलेले, म्हणून घरात आम्ही भांडायचो ते हातांनीच. "तोंडाने बोललात तर ओरडाल," म्हणायची, "हाताने बोला, निदान हातातला पेपर खाली ठेवावा लागेल." नव्या टीचर पदवी घेऊन यायच्या आणि पोरं काय म्हणतात ते हिला विचारायच्या. हजेरीपटात मात्र ही आयाच. "पोरं मला टीचर अशी खूण करतात," म्हणायची. "पोरं खरं बोलतात का हजेरीपट, ते एकदा ठरू दे."

बारावी तिने बाहेरून दिली होती. इथल्या टीचरच्या कोर्सला आधी पदवी लागते आणि रोज कॉलेजात बसावं लागतं. विलायतेतलं एक विद्यापीठ मात्र तिची शाळेतली वर्षं धरून घरबसल्या पदवीला घ्यायला तयार झालं. मी विरोधात होतो, खोटं कशाला सांगू. म्हणालो, "या वयात कशाला? आणि हवंच असेल तर माझा फंड मोड." ती म्हणाली, "फंड तुमचा. कर्ज माझं. शिकणाऱ्याला सरकार देतं ना? मग मी शिकणारी नाही, असं सरकारने म्हणावं."

बँकेतला अधिकारी तरुण, बोलायला गोड. आधी वय काढलं. ती म्हणाली, "नियमात वय लिहिलंय का? दाखवा." त्याने पानं उलटली. नव्हतं लिहिलेलं. मग म्हणाला, "अम्मा, कोर्स परदेशी आहे. व्हिसाची प्रत लागेल."

"मी घरी बसून शिकणार. स्वयंपाकघराचा व्हिसा कोण देतं?"

"मग परदेशी शिक्षणाच्या कर्जात बसत नाही."

"इथल्या शिक्षणाच्या कर्जात घाला."

"विद्यापीठ इथलं नाही ना, अम्मा."

"म्हणजे विद्यापीठ बाहेरचं म्हणून आत घेत नाही, आणि मी आतली म्हणून बाहेर घेत नाही. मग मी बसू कुठे?"

तो हसला आणि म्हणाला, "जरा वेळिये बसा." ती उठली, मला कोपर मारलं आणि मराठीत म्हणाली, "ऐकलंत? उद्या दहाला."

असे किती उद्या झाले. मी कंटाळलो, ती नाही. वॉचमन तिची खुर्ची पंख्याखाली धरून ठेवायला लागला. शेवटी तिचं मागणं एवढंच उरलं: "नाही म्हणायचं तर म्हणा, पण कोणत्या नियमाने ते घालून लिहून द्या. तोंडी नाही मी घरी नेत नसते. लिहिलेलं असलं की त्याच्या वर कुठे जायचं ते मी बघते." अधिकाऱ्याने हात टेकले. मंगळवारी दहाला फोटो लावून नवा अर्ज आणा, मुख्य ऑफिसला पाठवून लेखी उत्तर मागवतो, म्हणाला. ते फोटो आम्ही त्या सोमवारी चिकटवले.

लेक पुण्याहून विमानाने आली. रात्रीपर्यंत सगळं उरकलं.

सकाळी मी अंघोळ करून सदरा चढवला तेव्हा लेक दारात आडवी आली. "बाबा, सुतकात कुठे निघालात?"

"सुतक मला आहे. अर्जाला नाही," मी म्हणालो.

वॉचमनने मला एकट्याला बघितलं, मागे बघितलं, आणि पंखा लावला. मी थांबलो नाही. दहाला दोन मिनिटं होती. आत जाऊन अर्ज टेबलावर ठेवला. पालकाच्या चौकटीतला माझा फोटो एका कोपऱ्यात सुटला होता, तो अंगठ्याने दाबला. अधिकाऱ्याने विचारलं, "अम्मा?" मी सांगितलं.

त्याने चष्मा काढला. मग म्हणाला, "सर, आता याचं काय करायचं?"

"अर्ज केला तेव्हा ती जिवंत होती. तेव्हाचं उत्तर द्या. लिहून."

"तुम्ही जरा वेळिये बसा. पाणी घ्या. मी बघतो."

"वेळीच आलोय," मी मराठीत म्हणालो, आणि त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसलो.