सिप्रोसा आत्याला पोचवताना

अदोयो आमच्या शेजारची. आई केनियातल्या किसुमूच्या बंदरावर मासे वाळवते, लेक वेबसाइट बनवते. मासळीवाल्या बायकांच्या मंडळासाठी तिनं एक साइट केली होती. होडी किनाऱ्याला लागायच्या आत तिच्यात काय मासळी आहे ते फोनवर दिसायचं. आज दहा वाजता मंडळाला दाखवायची होती. पसंत पडली तर काम तिचं, नाहीतर नैरोबीची कंपनी टपलेलीच.

आणि साइट दहा मिनिटांतच धापा टाकायची!

तीन दिवस अदोयोचा संशय एकाच भागावर होता. फोनकडून 'हे पान दाखव' अशी मागणी आली की ती योग्य पानाकडे धाडणारा तो भाग. पण तो बिचारा चोख काम करत होता. तरी एकाच फोनवरून शेकडो मागण्या येत होत्या.

साडेआठला अदोयोकडे पाहुणी आलेली तिची सिप्रोसा आत्या जायला उठली. "चल, पोचव मला."

"आत्या, आज नको गं! जीव टांगणीला लागलाय."

"पाहुण्याला दारातूनच कटवायला कुठं शिकलीस? मी खरंच गेले की मागच्या अंगणात बसून तुझे मासे खातेय, कसं कळणार तुला?"

अदोयो चपला घालून निघाली. मीही निघाले. बोडाबोडावाले, म्हणजे भाड्याचे मोटारसायकलवाले, थांबतात त्या झाडापाशी ती थबकली आणि किंचाळलीच.

"आत्या! माझी पानं गेलेलीच नाहीत!"

"कुठली पानं?"

"प्रत्येक होडीचं पान दर दोन सेकंदांनी विचारतं, काही नवीन? बाई दुसऱ्या होडीकडे वळली की पहिलं पान दिसेनासं होतं, पण त्याचं विचारणं चालूच! उघडताना काय करायचं ते लिहिलं, मिटताना काय थांबवायचं ते लिहिलंच नाही मी!"

"म्हणजे चूल पेटती ठेवून बाई बाजारात?"

"वीस चुली, आत्या!"

आणि पोरगी धावत सुटली. मी तिच्या मागे, पदर सावरत.

घरी पोचताच तिनं पान मिटताना विचारणं थांबवणाऱ्या ओळी लिहिल्या. फक्त चार!

दहा वाजता मंडळाच्या अध्यक्षबाईंनी फोन हातात घेतला. फटाफट वीस होड्या बघितल्या, उलट्या, सुलट्या, पुन्हा. साइट हूं की चूं नाही. त्यांनी अर्धा तास पिच्छा पुरवला, मग फोन ठेवला.

"सोमवारपासून लाव. नैरोबीवाल्यांना मी कळवते."

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढ्यात अदोयोचा फोन वाजला. आत्या होती.

"मी अजून झाडाखालीच आहे हं. तिसरा चहा चाललाय. येतेस ना निरोप द्यायला?"

अदोयो पुन्हा धावली.