सपाट माथ्याचा रेडिओ

बाबा गेल्यावर आई पुण्याला माझ्याकडे आली आणि तिने काहीच मागितलं नाही. चहात साखर कमी पडली तरी बोलायची नाही. वर्षभराने एकदाच म्हणाली, "आपल्या बंगलोरच्या रेडिओसारखा कुठे मिळाला तर बघ." तो विकून वीसेक वर्षं झाली होती. मी बसचं तिकीट काढलं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. रात्रीची बस सकाळी बंगलोरच्या मॅजेस्टिक स्टँडला सोडायची. जाणार असाल तर आधी इडली खा, मग रिक्षावाल्याशी बोला. उपाशीपोटी भाव ठरवू नये. तिथल्याच जे. पी. नगरहून माझा धाकटा भाऊ श्याम आला. तो इंजिनियर, त्यामुळे त्याला सगळं आठवतं.

चामराजपेटेत हणमंतअण्णांचं जुन्या रेडिओंचं दुकान होतं. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, पण घरात मराठी. "या अक्का, स्वल्प जपून, पायात वायर आहे."

कोपऱ्यात कमरेएवढा उंच, जमिनीवर उभा राहणारा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. सोनेरी कापड, माथा पुढे उतरता.

"हाच," मी म्हणाले.

"हा नाही. आपल्या रेडिओला हिरवा डोळा होता." स्टेशन नीट लागलं की मिटत येणारा दिवा, त्याला श्याम डोळा म्हणतो.

"डोळा नव्हता."

"ताई, तुला तेव्हाही चष्मा होता."

"सरी, असू दे," अण्णा म्हणाले. "याचा जुळा भाऊ येलहंक्याला माझ्या बहिणीकडे आहे. तोही विकायचाय. बघून या, मग भांडा."

मार्केटहून येलहंक्याची बस मिळते. खिडकी मिळाली तर प्रवास बरा. अण्णांच्या बहिणीने, गंगक्कांनी, रेडिओवर टीव्ही ठेवला होता. मालिका संपेपर्यंत त्यांनी तो उतरवू दिला नाही, पण कॉफी दोनदा दिली.

तुलना करताना आधी साम्य, मग फरक, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवायच्या. साम्यातच तास गेला. कंपनी तीच, लाकूड तेच, बटणंही तेवढीच. फरक म्हणाल तर इथे तपकिरी कापड आणि हिरवा डोळा. श्याम विजयी चेहऱ्याने उभा राहिला. मला मात्र चुकीचा रेडिओ घेऊन आईसमोर जायचं नव्हतं. ती त्यावरही काही बोलली नसती.

शेवटी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला.

"आई, आपल्या रेडिओला हिरवा डोळा होता का?"

"काय की. वर पातेलं राहतं का ते बघ."

"कसलं पातेलं?"

"विरजणाचं. बंगलोरच्या थंडीत दही काय आपोआप लागायचं? रेडिओच्या उबेवर लागायचं."

चामराजपेटेच्या रेडिओच्या उतरत्या माथ्यावरून पातेलं थेट बाबांच्या मांडीत आलं असतं. येलहंक्याचा माथा सपाट होता, तोच घेतला. पुण्यापर्यंतच्या टेम्पोला रेडिओहून जास्त पैसे पडले, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

घरी तो लावला. घरघर फार, बातम्या थोड्या. आईने माथ्यावर तळहात ठेवला आणि ऊब येईपर्यंत उचलला नाही. मग आतून पातेलं आणलं. एप्रिल होता. पुण्यात एप्रिलमध्ये दही कुठेही लागतं.

बातम्या संपल्यावर मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे," आई म्हणाली. "दही लागायचंय. तोवर बंद करायचा नाही, असं मी ह्यांना सांगून ठेवलं होतं. बसायचे बिचारे माझ्याजवळ, माझी भाजी चिरून होईपर्यंत."

मग तिने माझ्यापुढे भाजीची टोपली सरकवली.