सहावा जोड

मीटरताईचं दुकान गॅरेज म्हणायला लहान आणि टपरी म्हणायला मोठं होतं. एक गाडी आत मावायची, दुसरी दारात अर्धी उन्हात, अर्धी सावलीत उभी राहायची. पाटी नव्हतीच. गळ्यात सदानकदा वीज मोजायचा काळ्या-लाल वायरींचा मीटर अडकवलेला, म्हणून लोकांनी ते नाव पाडलं. तिचं खरं नाव वीजबिलावर होतं आणि ते वाचायची गरज तिच्या नवऱ्याखेरीज कुणाला पडत नसे.

वय चोपन्न. काम फक्त गाडीच्या विजेचं. चाकं, ब्रेक, तेलपाणी यांच्या वाटेला ती जायची नाही. "ते सगळं दिसतं," असं ती म्हणायची. "मला न दिसणारं बघायला आवडतं."

एके दिवशी दुपारी दुसऱ्या गाडीला दोर बांधून एक गर्द हिरवी गाडी तिच्या दारात आणली गेली. लांबलचक, रुबाबदार, एकवीस वर्षांची. आतल्या कातडी सीटांना बारीक सुरकुत्या पडलेल्या, लाकडी पट्टीचं पॉलिश कडेला उडालेलं, पण बसल्यावर माणूस आपसूक ताठ बसेल असा थाट अजून शाबूत होता. मालक दाताचे डॉक्टर होते, साठीच्या घरातले.

"चार गॅरेजं झाली," डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले. "एकाने बॅटरी बदलली, एकाने सेल्फ, एकाने अल्टरनेटर. चौथा म्हणतो गाडीचा मेंदूच गेलाय, गाडी विकून टाका."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला? मला कोण विचारतंय!"

"मी विचारतेय. नेमकं काय होतं ते सांगा. लोक काय म्हणाले ते नको."

डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची. दुपारी दवाखान्यातून निघताना किल्ली फिरवली की समोरचे झाडून सगळे दिवे एकदम लागायचे. इंजिनाचा, ब्रेकचा, एअरबॅगचा, आणखी दोन-तीन, ज्यांचा अर्थ डॉक्टरांना पुस्तकात शोधावा लागला. आणि सेल्फ फिरायचाच नाही. नुसतं टक. दारं उघडी टाकून पंधरा-वीस मिनिटं बसलं की काहीच न घडल्यासारखी सुरू.

"दवाखान्यापुढे ऊन असतं?"

"मरणाचं."

मीटरताईने मान हलवली. "सगळे दिवे एकदम लागले म्हणजे सगळं बिघडलं असं नसतं, डॉक्टर. इतकं सगळं एका दिवसात बिघडत नाही. कुठेतरी एकाच ठिकाणी वीज अडते आणि मग सगळे एका सुरात बोंब मारतात."

डॉक्टर हसले. "आमच्याकडेही असंच. पेशंट वरचा दात दाखवतो, आणि दुखत असतो खालचा. ठेवून घ्या गाडी."

पण संध्याकाळी गाडीने तिला दाद दिली नाही. तिने तीसेक वेळा किल्ली फिरवली, तीसही वेळा गाडी गुरगुरून सुरू झाली. बॅटरी ठणठणीत, अर्थिंग ठणठणीत. स्कॅनर लावला तर त्याने तेवीस दोषांची यादी पुढे केली. ती तिने वाचली आणि स्कॅनर मिटून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरून केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. निघताना नवऱ्याने विचारलं होतं, "आज काय, गाडीला न्हाऊ घातलंय?" तो पोस्टात नोकरीला होता आणि त्याचे विनोद पत्रासारखे, दोन दिवसांनी समजायचे.

किल्ली चालू ठेवून तिने गरम हवा एकेका ठिकाणी मारली. फ्यूजच्या डब्यावर मारली, काही नाही. स्टिअरिंगच्या खाली मारली, काही नाही. मग ड्रायव्हरच्या दाराशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला जिथे गालिचा दुमडलेला असतो तिथे मारली, आणि मिनिटभरात समोरची पट्टी दिव्यांनी भरून गेली. तिने किल्ली फिरवली. टक.

"सापडलास," ती म्हणाली.

सीट काढून तिने गालिचा उचलला. खालच्या फोमवर जुन्या ओलीचा तपकिरी डाग होता. छपराच्या काचेतून कधीकाळी पाणी झिरपून इथे साचलं असणार, वायरी सडल्या असणार आणि कुणीतरी त्या तोडून पुन्हा जोडल्या असणार. वायरींच्या जुडग्यावर कापडी टेप होती. तिने ब्लेडने ती अलगद उभी चिरली.

टेपखाली दोरा होता.

मेण लावलेला, चांभार वापरतात तसला. प्रत्येक जोडावर सात वेढे आणि शेवटी चपटी गाठ, बोटाला न लागणारी. मीटरताईच्या हातातलं ब्लेड तसंच राहिलं. टेपचा गोंद उन्हाने वितळतो, दोरा वितळत नाही, हे आबांचं म्हणणं होतं. आबा म्हणजे तिचे वडील, हे दुकान त्यांचंच. जोडावर असा दोरा बांधणारी माणसं जगात तीनच होती. त्यातले आबा नऊ वर्षांपूर्वी गेले. दुसरी ती स्वतः. आणि तिने ही गाडी जन्मात पाहिली नव्हती.

ती तिथेच, सीट नसलेल्या गाडीत, पत्र्यावर बसून राहिली.

दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. आई लवकर गेल्यावर दोघं या दुकानातच वाढली. तिला वायरीचं साल दाताने काढू नये, पक्कड वापरावी, हे दादाने शिकवलं. डाख देताना, म्हणजे शिसं वितळवून जोड पक्का करताना, श्वास रोखायचा, हेही त्यानेच. ती अठ्ठावीस वर्षांची असताना एक गाडी आली. दादा तिच्यात दोन दिवस डोकं घालून बसला होता, दोष काही हाती लागेना. तिने तासाभरात शोधून काढला. तेव्हा गिऱ्हाइकासमोर आबांनी स्वतःच्या गळ्यातला मीटर काढला आणि तिच्या गळ्यात घातला. "हिचा हात हलका आहे," एवढंच म्हणाले. आबांना कुणाचा पाणउतारा करायचा नव्हता, लेकीला शाबासकी द्यायची होती. दादाने फडक्याने हात पुसले, एकेक बोट नीट पुसलं, आणि तो बाहेर पडला. तिला वाटलं चहाला गेला.

त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती.

इतक्या वर्षांत तिने ती दुपार किती वेळा उलटीपालटी करून पाहिली होती. तेव्हा मीटर काढून दादाच्या हातात द्यायला फार तर दोन पावलं टाकावी लागली असती. तिने टाकली नाहीत, कारण तिला तो मीटर हवा होता. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने भिंग घेतलं आणि एकेक जोड निरखला. एकूण सहा होते. पाच असे, की आबांनीही मान डोलावली असती. सहावा मात्र तिला बघवेना. डाख चकाकण्याऐवजी राखेसारखा फिका आणि खरबरीत होता, आत तार सुटी हलत होती. गार असताना तार शिशाला टेकून राहायची, तापली की सुटायची. गाडीच्या सगळ्या भागांचे निरोप, सुरू करायचा हुकूमसुद्धा, याच तारेतून जात होते. चार गॅरेजं ज्याला शोधत होती तो दोष हा. दादाच्या हातचा.

दादाचा जोड कच्चा? तो झोपेतही असा जोड देणार नाही. मग तिच्या लक्षात आलं, की हा सगळ्यात आतला जोड होता, अंधाऱ्या कोपऱ्यातला. दादाला तो दिसलाच नव्हता.

तिने सहावा जोड नव्याने दिला. श्वास रोखून. वर सात वेढे, चपटी गाठ. उरलेल्या पाचांना हात लावला नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा तिने आधी गाडी सुरू करून दाखवली, गरम हवा मारून पुन्हा दाखवली आणि मग शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "इथलं काम पूर्वी कुणी केलं होतं?"

"तीन वर्षं झाली. मी तेव्हा बंदराच्या गावी होतो. एक म्हातारा होता गोदीच्या मागे. जाड चष्मा, तोंडातून शब्द काढील तर शपथ. का, त्याने घोळ घातला?"

"नाही," मीटरताई पटकन म्हणाली. "काम चांगलं केलंय. नंबर आहे त्यांचा?"

डॉक्टरांच्या फोनमध्ये नंबर होता, "वायरवाला म्हातारा" या नावाने. तो म्हातारा अवघा एकसष्ट वर्षांचा होता हे तिने त्यांना सांगितलं नाही.

नंबराची चिठ्ठी चार दिवस तिच्या ओट्यावर डब्याखाली पडून होती. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "फोन कर, नाहीतर करू नकोस. पण रोज भाजी करपवू नकोस." दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नसताना तिने नंबर फिरवला.

"कोण?" पलीकडचा आवाज हुबेहूब आबांचा होता. सव्वीस वर्षं जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं तोंडाशी येऊन पळाली आणि जे उरलं ते ती बोलली.

"हिरव्या गाडीतला सहावा जोड सुटला होता."

पलीकडे, दूर कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"दाताच्या डॉक्टरांची?"

"हो."

"आतल्या बाजूचा?"

"हो."

मग तो म्हणाला, "मला आता तिथलं दिसत नाही गं, ठमे."

ठमी. हे नाव घेणारं कुणी उरलं आहे हे ती विसरली होती. तिने तोंडावर हात दाबून धरला आणि फोन कानाशी. मग दादाने विचारलं, "आबा?"

"नऊ वर्षं झाली."

त्याने फोन ठेवला.

तिने पुन्हा लावला नाही. तीन दिवसांनी त्याचाच आला. आबांचा विषय नाही, घरचा नाही. एका गाडीचा हॉर्न आपोआप वाजतो, काय असेल, एवढंच. ते त्याला ठाऊक नसेल यावर तिचा काडीइतका विश्वास बसला नाही, तरी तिने सविस्तर सांगितलं. मग असे फोन येऊ लागले. कधी काच खाली जात नाही, कधी वायपर थांबत नाही. त्याच्याकडे खरंच इतक्या गाड्या येत होत्या की नाही कोण जाणे. "ये" मात्र तो कधी म्हणाला नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "जुनं घर रिकामं करायला बंदरावर चाललोय. गाडी लांब न्यायची तर ज्याने दुरुस्त केली तो शेजारी बसलेला बरा." ते थट्टेत म्हणाले होते. तिने विचारलं, "किती वाजता निघायचं?"

सहा तासांचा रस्ता. ती वाटभर समोरच्या दिव्यांकडे बघत होती. एकही लागला नाही.

गोदीमागच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा एक वाकलेला माणूस खोलीबाहेर स्टुलावर बसून रिले, गाडीतला विजेचा स्विच, घासत होता. त्याने वर पाहिलं नाही, कान दिला. "ही ती हिरवी," तो म्हणाला. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि पावलं आली, आणि ती पावलं डॉक्टरांची नव्हती. तो उठून उभा राहिला. त्याने तिचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, अगदी जवळ येऊन. एक डोळा पार गेला होता, दुसरा अर्धा.

"जाड झालीस," तो म्हणाला.

"आणि तू बारीक."

"चहा घेशील?"

डॉक्टर तिला तिथे सोडून आपल्या कामाला गेले. दादाची खोली एवढीशी, पण हत्यारं आबांच्या दुकानात असत त्याच क्रमाने लावलेली. ती बघत राहिली. चहा पिऊन झाला. हॉर्न आणि वायपर यांवर बोलून झालं. मग त्याने कप खाली ठेवला.

"माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

खोटं बोलणं सोपं होतं. सहा तासांच्या वाटेत तिने दोन-तीन वाक्यं तयारही केली होती, आबांच्या तोंडी शोभतील अशी.

"काही म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "पण दुकानाच्या दारात कुणाची सावली पडली की मान वर करून बघायचे. शेवटपर्यंत. गिऱ्हाईक आहे असं कळलं की पुन्हा कामाला लागायचे."

दादाने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. खूप वेळ पुसत होता.

"तेव्हा मी तो तुला द्यायला हवा होता," ती म्हणाली. कशाबद्दल, ते सांगावं लागलं नाही.

"तू हुशार होतीस. मला ते माहीत होतं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगायला नको होतं, एवढंच." आणि थोड्या वेळाने, "मीही चहा पिऊनच परत येणार होतो. मग उशीर झाला. उशीर झाला की माणसाला लाज वाटते, आणि लाज वाटली की आणखी उशीर होतो."

दुसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर. दुकानात जागा आहे."

"जागेचा प्रश्न नाही गं. इथली लोकं मला म्हातारा म्हणूनच ओळखतात. तिथे मला पुन्हा पस्तिशीचं व्हावं लागेल. ते आता जमायचं नाही."

तिने आग्रह केला नाही. गाडी वळणावर पोचेपर्यंत ती मागे वळून बघत होती. तो हात हलवत होता, पण गाडी गेली होती त्या बाजूला नाही, थोडा डावीकडे.

दादा अजून आलेला नाही. ती वर्षातून दोनदा जाऊन येते, त्याच्या डोळ्यात थेंब घालायचं वेळापत्रक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून येते. दुपारी काम सैल असलं की ती फोन लावते. गाड्यांबद्दल बोलून संपलं तरी दोघंही फोन ठेवत नाहीत. त्याच्याकडून गोदीचा भोंगा ऐकू येतो, तिच्याकडून रस्त्यावरची वर्दळ.

"कोण आलंय गं?" तो मधेच विचारतो.

"कोणी नाही," ती म्हणते. "बोल तू."