खताच्या खोलीतली शेगडी

करमाडजवळच्या शेतावर मी शनिवार-रविवारचा शेतकरी. थंडीत खताचे दगड होतात असं ऐकलं, म्हणून पोटॅशियम नायट्रेटच्या गोण्या भुशावर रचल्या, वर बायकोची गोधडी पांघरली आणि शेजारी पेटती शेगडी ठेवली. स्वतःच्या हुशारीवर जाम खूश होतो.

युरिया घेऊन आलेल्या टेम्पोवरच्या हमालानं दारातच कानावरची बिडी काढून बाहेर दगडावर ठेवली. पेटवलेली नव्हती, तरी. मग आत शेगडी दिसली. पाठीवरची गोणी तिथंच टाकून तो धावला, शेगडी अंगणात नेली, परत येऊन भुशातली एक ठिणगी चपलेनं चिरडली.

“साहेब, खताला थंडी वाजत नाय, ओल लागती. खाली फळ्या टाका, भिंतीपासून हातभर लांब रचा. अन् हे खत आगीला लई भडकवतं.”

फळ्यांवर गोण्या रचताना तो प्रत्येकीवर थाप मारायचा, लेकराला झोपवावं तशी. काम संपल्यावर त्यानं बिडी उचलली, अंगणातल्या शेगडीवर पेटवली आणि माझ्याकडं पाहून गोधडी माझ्याच खांद्यावर टाकली.

“थंडी तुम्हाला वाजती.”

भर दुपारी मी कशानं कापत होतो, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. “व्हय,” म्हणालो आणि गोधडी घट्ट ओढून घेतली.