शेजारच्या खाटेवरचे मामा

दिनकरमामांना मी शेवटचा भेटायला गेलो, तेव्हा पहिली दहा मिनिटं दुसऱ्याच माणसाला भेटत होतो. द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात, सहा खाटांच्या खोलीत ते आहेत, एवढं मामींनी फोनवर सांगितलं होतं. मी आत शिरलो, खिडकीजवळच्या खाटेवर झुपकेदार पांढऱ्या मिशा दिसल्या आणि सरळ त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. डोळे मिटलेले होते. मी पाय दाबायला लागलो. नुसते पाय दाबले असते तरी निभावलं असतं, पण गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, "मामा, काळजी करू नका. तुम्ही अगदी पूर्वीसारखेच दिसताय." मग घरचं सांगितलं, ऑफिसातलं सांगितलं, गंगेवरच्या बाजारात भाजी काय भावाने मिळतेय तेही सांगितलं. एवढ्यात डबा घेऊन एक बाई आल्या. त्यांनी डबा खाली ठेवला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "दादा, तुमी कोन? हे आमचे सासरे हायेत." मी ताडकन उठलो. माफी मागत होतो, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून ओळखीचा आवाज आला, "त्यांचं झालं असेल तर इकडे ये."

ते मामा होते. ऑक्सिजनचा मास्क नीट बसावा म्हणून मिशा काढल्या होत्या, कवळी डबीत होती, गाल आत गेले होते, डोक्यावर घट्ट कानटोपी. डोळे मात्र टक्क उघडे. म्हणजे ते सगळं बघत होते... आणि ऐकतही होते. पण त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मास्क बाजूला सारून, दुकानाचं कुलूप ओढून बघ, एवढं बजावलं आणि पुन्हा मास्क लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्याला आता महिना झाला. त्या दहा मिनिटांत मामांना हसू आलं की ते दुखावले, हे काही केल्या मला कळत नाही.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं झालं असतं तर मी ते इतकं मनात घोळवत बसलो नसतो. पण चेहरा हाच मामांचा धंदा होता. पंचवटीत त्यांचं पोशाख भाड्याने देण्याचं दुकान. शाळेच्या स्नेहसंमेलनाला लागणारे शिवाजी, मावळे, परी, वाघ, सगळे तिथून निघायचे. हौशी नाटकमंडळी आली की मामा रंगपेटी घेऊन त्यांच्याबरोबर जायचे. मी चौथीत असताना वेशभूषेच्या स्पर्धेसाठी त्यांनी मला म्हातारा केलं होतं. तासभर मान हलवू दिली नाही. मग मला शाळेच्या फाटकाशी उभं केलं आणि स्वतः झाडामागे लपले. माझी आई आली, "आजोबा, जरा बाजूला होता का?" म्हणाली आणि पुढे गेली. मी रडायच्या बेतात, आणि मामा झाडामागे पोट धरून हसतायत. "सख्ख्या आईने ओळखलं नाही रे तुला!" बक्षीस मिळाल्यावरही त्यांना इतकं खूश झालेलं मी पाहिलं नाही. ओळखलं नाही म्हणजे काम चोख झालं, हा त्यांचा हिशेब.

गेल्या वर्षी त्यांना मोबाइलवर कुणीतरी एक ब्रिटिश मालिका लावून दिली. विमानतळावरची. कॅमेरावाला तिथल्या लोकांच्या मागे मागे फिरतो, लोक काम करता करता त्याच्याशी बोलतात, आपली गाऱ्हाणी सांगतात. मामांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. रविवारी दुपारी दुकान बंद असलं की मला बोलावून घ्यायचे, केसांचे टोप अडकवायच्या लाकडी डोक्याला मोबाइल टेकवायचे आणि मी अर्थ सांगायचा. मी मोठ्या तळमळीने सांगायचो. तिकीट खिडकीवरची मुलगी प्रवाशांशी किती उर्मट वागते, त्या विमान कंपनीच्या मालकाला लाज कशी नाही... ऑफिसातही सांगून आलो की आपलं ओझरचं विमानतळ परवडलं, तिकडे विलायतेत काय अंदाधुंदी चालते बघा. मामा शांतपणे ऐकून घ्यायचे. मध्येच म्हणायचे, "खरंय. असल्या पोरीला कामावर ठेवतातच कसे."

तिसऱ्या रविवारी त्यांनी आवाज बंद केला. म्हणाले, बोलणं ऐकत बसलं की चेहरा दिसत नाही. मग मुलीचं चित्र थांबवलं. "भाचेबुवा, हिचे कान बघ." बघितले. पुढे गेले, मालकाचं चित्र थांबवलं. "आता याचे बघ." मी बघितलं, पुन्हा मागे नेऊन मुलीचे बघितले. मुलगी आणि मालक एकच. पुढच्या तासाभरात त्यांनी मला पायलट, सफाईवाला, विमान चुकलेली म्हातारी, सगळे उलगडून दाखवले. दोनच पुरुष सगळ्या विमानतळाची सोंगं घेऊन फिरत होते. ती खरीखुरी हकीकत नव्हतीच, हकीकतीसारखा बेतलेला विनोद होता, आणि मी त्या मालकावर तीन रविवार चिडलो होतो. "नाक बदलता येतं, हनुवटी बदलता येते," मामा म्हणाले, "कानाचं काही करता येत नाही. माणूस ओळखायचा तो कानावरून." काही सोंगं मात्र त्यांना आवडली नाहीत. त्या दोघांपैकी एकजण काळा रंग फासून दुसऱ्या मुलखातला माणूस झाला, तेव्हा मामांनी मोबाइल पालथा घातला. म्हणाले, ही कला नव्हे, हे चिडवणं झालं.

तेव्हा आता मी स्वतःची समजूत घालतो, की मामांनी शिकवलेली एकच खूण त्या दिवशी कानटोपीखाली होती. मी तरी काय करणार? पण मग आठवतं, की मी शेजारच्या म्हाताऱ्याचेही कान पाहिले नव्हते. मिशांवर गेलो, बस.

दिवसकार्याला गेलो तेव्हा धीर करून मामींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना ते कळलंच होतं. संध्याकाळी त्या डबा घेऊन गेल्या, तेव्हा मामांनीच खोकला येईपर्यंत हसत हसत सांगितलं होतं. भाच्याने शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचे पाय दाबले म्हणे, आयुष्यात इतका बेमालूम मेकअप जमला नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी दोन लाडू जास्त खाल्ले. निघताना मामांची मुलगी सुनीता फाटकापर्यंत आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आपली बाबांच्या आठवणी सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, "तू येऊन गेलास ना, त्या संध्याकाळी बाबांनी माझ्याकडे आरसा मागितला. इतक्या दिवसांत कधी मागितला नव्हता. बराच वेळ बघत राहिले आणि मग परत दिला."

हसणं आणि आरसा एकाच संध्याकाळचे. आधी काय झालं, कुणास ठाऊक. आधी आरसा आणि मग हसू, असं असेल तर बरं. पण आधी हसले आणि मग आरसा मागितला असेल तर... की मामींनी हसण्याचं माझ्यासाठीच रचून सांगितलं? मी आजवर कुणालाही नीट ओळखलेलं नाही, तेव्हा मामींना ओळखीन याची काय खात्री?

परवा हे सगळं मी तिसऱ्यांदा माझ्या बायकोसमोर मांडलं. अलका कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, हसलेही असतील आणि लागलंही असेल, पण मामींना आता पुन्हा विचारायला जाऊ नका, त्या दमल्यात. मग म्हणाली, मामींचा दुपारी फोन होता. हल्ली त्या रविवारी दुकान उघडून मामांच्या स्टुलावर बसतात आणि मोबाइल लावतात. मालिकेचे दोन भाग बघायचे राहिलेत.

"त्यांना काही कोण कोण आहे ते कळत नाही," अलका म्हणाली. "ओळखून सांगायला तुम्हाला बोलावलंय."

"मला?"

"हो, तुम्हालाच. मी दोनदा विचारून घेतलं."