झालं. उघडून बघा.

जे एकदा गेलं तर परत मिळणार नाही असं काहीतरी तुम्हीही कुठेतरी जपून ठेवलं असेल. ते शेवटचं कधी उघडून बघितलंत?

हा प्रश्न माझा नाही. आमच्या संघटनेच्या ऑफिसात संगणक सांभाळणाऱ्या ताईचा आहे. ती तो सगळ्यांना विचारायची, आणि अजिबात गोड आवाजात नाही. मी पत्रक टाइप करून "सेव्ह केलं" म्हणाले की मान न वळवता म्हणायची, "उघडून बघितलंस?" चहाचा थर्मास आला की आधी झाकण काढून आत बघायची. रोज मनमाडहून गाडीने यायची आणि गाडीत बसल्या बसल्या स्वतःचा जेवणाचा डबाही उघडून बघायची. "एकदा सासूने रिकामा दिला होता," असं कारण सांगायची. खरं होतं की थट्टा, ते कधी कळलं नाही.

तिचे वडील मनमाडला रेल्वेत सांधेवाले होते. दांडा ओढला म्हणजे रूळ जुळले असं धरून चालायचं नाही, जाऊन डोळ्यांनी बघायचं, हे ती त्यांच्याकडून शिकली होती. माझ्या लिखाणाबद्दल तिचं मत बरं नव्हतं. मी आले की विचारायची, "काय गं पत्रक, आज कोणाविरुद्ध?"

आमचं ऑफिस गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, इस्त्रीच्या दुकानावर. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतली आदिवासी माणसं वनहक्काच्या दाव्यांसाठी तिथे येतात. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन आपलीच आहे, हे त्यांना कागदाने सिद्ध करायचं असतं. ज्यांनी जंगल राखलं त्यांनी पुरावा द्यायचा आणि ज्यांनी ते विकलं त्यांनी तो तपासायचा, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. ताईने वाचलं आणि म्हणाली, "छान. आता ते कागद कुठे ठेवायचे ते बोल."

कागद ठेवण्यासाठी तिने बॅच फाईल लिहिली होती. बॅच फाईल म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते आणि तो ते पाळत जातो. ताईच्या फाईलमध्ये मुख्य हुकूम दोनच. पहिला, तालुका, गाव, पाडा आणि माणूस असे एकात एक फोल्डर बाहेरच्या डिस्कवर जसेच्या तसे उभे करायचे. दुसरा, त्यांत कागद आणि रेकॉर्डिंग उतरवायची. शेवटी खिडकीत तिची एक ओळ यायची : "झालं. उघडून बघा." तीही इंग्रजी अक्षरांत, कारण काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन व्हायचे. मी त्यावर भडकले होते. "आमच्या भाषेला इथेही जागा नाही?"

"भांडण नंतर कर," ती म्हणाली. "आधी माणसाचं नाव वाचव."

एकदा सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून सोनजीबाबा आले होते, पाड्यातले सगळ्यांत वयस्कर. बरोबर त्यांची पुतणी हिराबाई होती. ताईने त्यांच्या पाड्याची नावं घालून फाईल चालवली. पडद्यावर भराभर ओळी धावल्या.

"ह्या काळ्या डब्यात काय चाललंय?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या पाड्याची घरं बांधतेय, बाबा. आत्ता रिकामी आहेत. कागद येतील तसे राहायला येतील."

"सरकारपरीस लवकर बांधलीस की."

ताई इतकी हसली की खालून इस्त्रीवाल्याने वर बघितलं. मग हिराबाईने विचारलं, "ताई, कायदा हाय म्हणता. मग जमीन नावावर का नाय?"

ताईने तिला पडद्याजवळ बोलावलं. एका ओळीच्या आधी 'रेम' अशी तीन इंग्रजी अक्षरं टाकली. "आता गंमत बघ. ओळ आहे तिथेच. संगणक ती वाचणार, पण पाळणार नाही. तुमच्या कायद्याच्या आधी असंच कोणीतरी रेम लावून ठेवलंय."

हिराबाई म्हणाली, "मग ते काढणारा कोण?"

ताईने ती अक्षरं पुसली आणि फाईल पुन्हा चालवली.

त्या उन्हाळ्यात आम्ही सोनजीबाबांच्या पाड्यासह नव्या पाड्यांवर फिरलो. दाव्यासाठी गावातल्या वृद्धाचं कथन पुरावा म्हणून चालतं. ते कॅमेऱ्यावर घ्यायचं, मग ऐकून कागदावर उतरवायचं आणि अंगठा घ्यायचा. सोनजीबाबा बांधावर बसून बोलले. कोणत्या घराची नागली कुठे होती, कोणता बांध कोणाच्या आजाने घातला, जंगलखात्याचा गार्ड कोणत्या वर्षी नांगर घेऊन गेला, सगळं. शेवटी एका सादड्याच्या झाडाकडे बोट करून म्हणाले, "त्याच्याखाली माझी दोन पोरं पुरलीत. जमीन कोणाची ते त्यांना विचारा."

ताईने ते ऑफिसात पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. त्या दिवशी तिने मला पत्रक म्हटलं नाही.

रेकॉर्डिंग संगणकावर घेऊन आम्ही कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या फेरीसाठी मोकळं केलं. पण बाहेरची डिस्क भरली होती. ताईने बैठकीत सांगितलं, "नवी डिस्क येईपर्यंत कागद उतरवायची दुसरी ओळ रेम लावून बंद ठेवतेय. फक्त फोल्डर बनतील." डिस्क घेण्यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्याकडे एकमत झालं की काम झाल्यासारखंच वाटतं. त्याच आठवड्यात ताईच्या छातीत गाठ निघाली आणि ती उपचाराला गेली.

रोज संध्याकाळी ऑफिस बंद करताना कोणीतरी बॅच फाईल चालवत होतं. पाड्यांची नावं धावत होती. "झालं. उघडून बघा," असं खिडकी रोज सांगत होती. कळ दाबायची, दिवा बंद करायचा.

पावसाळ्यात सोनजीबाबा गेले. कथन कागदावर उतरवायचं राहिलंच होतं. दिवाळीनंतर एका सकाळी संगणक सुरू झाला नाही. दुरुस्तीवाल्याने आतली डिस्क माझ्या कानाशी धरली, टक टक वाजत होती. "ही गेली," तो म्हणाला. "बॅकअप असेल ना?"

ताई डोक्याला रुमाल बांधून आली. बाहेरची डिस्क लावली. जुन्या गावांचं सगळं होतं. त्या उन्हाळ्यातल्या पाड्यांचे फोल्डर होते, एकही नाव चुकलेलं नव्हतं. ती एकेक उघडत गेली. आत काहीच नव्हतं. थोड्या वेळाने आम्ही म्हणालो, पुरे आता. तिने ऐकलं नाही. शेवटच्या माणसापर्यंत उघडून बघितलं.

मी कार्यकारिणीवर तुटून पडले. ताईने बैठकीत सांगितलं होतं, तुम्ही सगळे माना डोलवत होतात, असं ओरडले.

"गप्प बस," ताई म्हणाली. "रेम मी लावलंय."

"पण तू आजारी होतीस!"

"सांधा चुकल्यावर गाडी विचारते का, तुला ताप होता का म्हणून?"

पुढच्या आठवड्यात ती पाड्यावर निघाली. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. घाटात दोनदा जीप थांबवून उलटी केली, चूळ भरली आणि म्हणाली, "चल." हिराबाई रस्त्यापर्यंत आली होती. तिने आधी तेच विचारलं, "बाबाचं बोलणं हाय ना?"

"नाही," ताई म्हणाली. "माझ्यामुळे गेलं."

हिराबाईने तिच्या रुमालाकडे बघितलं, मग सुजलेल्या पायांकडे. "आधी बस," म्हणाली आणि घोंगडी टाकली.

पाड्यात तेवढ्या वयाची एकच म्हातारी उरली होती, सोनजीबाबांची वहिनी. तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलं. "मी लग्न होऊन आले तवा शेत होतंच. रान कोणी तोडलं, कवा तोडलं, ते त्यांना ठाव. त्या म्हाताऱ्याला विचारायचं व्हतं." रेकॉर्डिंग संपल्यावर ताईने तिथेच, उन्हात, ते सगळं पुन्हा लावून ऐकलं. शेळ्या येऊन बसल्या, माणसं उठून गेली. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

परत आल्यावर तिने दुसऱ्या ओळीआधीची तीन अक्षरं पुसली. नवी डिस्क तिनेच आणली. होळीच्या सुमारास ती गेली. मनमाडला आम्ही पोचलो तेव्हा घरात फक्त पंख्याचा आवाज होता.

हिराबाईचा दावा परत आला. शेरा होता, पुरावा अपुरा. अपील केलं आहे. मी त्यावर पत्रक लिहिलं, छापलं, वाटलं. ताई असती तर म्हणाली असती, छान, आता पुढे बोल.

परवा अपिलाच्या कागदांसाठी हिराबाई ऑफिसात आली होती. डिस्कवर सोनजीबाबांचा फोल्डर अजून आहे, रिकामा. कोणीतरी म्हणालं, यात काही नाही, पुसून टाकू का?

"राहू द्या," हिराबाई म्हणाली. "घर हाय ते."

तेव्हा एक करा. हे वाचून झालं की उठा. आईचा आवाज असेल, आजोबांची मुलाखत असेल, जमिनीचे कागद असतील, तुम्ही जे कुठे ठेवलं असेल तिथे जा. नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका. आतली एक फाईल उघडा आणि शेवटपर्यंत ऐका. आणि आत काहीच नसेल, पण ते सांगणारं माणूस अजून असेल, तर आजच त्याच्याकडे जा.