साहेबांच्या चष्म्यातली चमक

"हलायचं नाय. श्वास घ्यायचा."

उजवा हात कॅमेऱ्यावर आणि डावा हात वर, पंजा उघडा, समोरून येणाऱ्या म्हशीला थांबवावं तसा. फोटोकाका फोटो काढायला उभे राहिले की एवढं ठरलेलंच असे. बाकीचे फोटोग्राफर हसायला सांगतात. फोटोकाका श्वासाची वाट बघत. श्वास सोडताना माणसाचे खांदे जरा खाली येतात आणि तेवढ्यापुरता तो स्वतःसारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. खांदे खाली आले की खटका दाबायचा, आणि मगच हात खाली.

तुम्हा दोघा नातवंडांना ते आठवत असतील. परदेशी जायच्या आधी पासपोर्टचे फोटो काढायला आपण गोखिवऱ्याला त्यांच्या स्टुडिओत गेलो होतो. धाकट्या, तू "हलायचं नाय" तेवढं ऐकलंस आणि श्वास रोखून लालबुंद होऊन बसलास. काका कॅमेऱ्यामागून बाहेर आले आणि म्हणाले, "बाला, तू पासपोर्ट काढायला आलायस का पोहायला?" मग तू हसलास, आणि हसून झाल्यावर जो श्वास सोडलास तो त्यांनी पकडला. तो फोटो अजून माझ्या कपाटात आहे.

आमची त्यांची ओळख तुमच्या आजोबांमुळे झाली. आजोबा वालीवच्या कारखान्यात सुपरवायझर होते. दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा असायची; प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार आणि त्याच्याशेजारी त्यावर काम करणारा माणूस, असा एकेक फोटो काढायचा. काका तिथेही हात वर करून तेच वाक्य म्हणत. एका वर्षी आजोबांनी विचारलं, "अहो, लेथ मशीन कसा श्वास घेणार?"

"घेते साहेब. तुमी बंद करता ना, तेव्हा सोडते."

आजोबा घरी येऊन मला म्हणाले होते, "त्याचं बरोबर आहे. सोडते खरी." तेव्हापासून आमच्या घरचा प्रत्येक फोटो काकांनीच काढला.

काका भातशेती करणाऱ्या जुन्या गावातले. शेती गेली, त्या जागी इमारती आल्या आणि त्यातल्याच एका इमारतीच्या खाली त्यांनी स्टुडिओ टाकला. गावोगावच्या हळदी, चर्चमधली लग्नं, मुलांचे पहिल्या कम्युनियनचे विधी, सगळीकडे ते असत. आणि मयतीलाही असत. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत शवपेटी उचलण्याआधी घरच्या सगळ्यांनी तिच्याभोवती उभं राहून एक फोटो काढायची रीत आहे. मी आमच्या शेजारीण बाईंच्या यजमानांच्या अंत्यविधीला गेले होते. सगळे पेटीभोवती उभे राहिले. काकांनी हात वर केला आणि सवयीने बोलून गेले, "हलायचं नाय. श्वास घ्यायचा."

काकांचा हात वरच राहिला. मग शेजारीण बाई पेटीकडे बघून आपल्या बोलीत म्हणाल्या, यांना सांग रे, आमचं कधी ऐकलं नाही, तुझं ऐकतील. रडणारी माणसं हसली आणि हसता हसता पुन्हा रडली. काकांनी फोटो काढला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ताई, जीभ कापून टाकावी वाटली." मी म्हटलं, "नका कापू. त्यांना आज दुसऱ्या कोणी हसवलं नसतं."

आता त्या फोटोची गोष्ट सांगते, जो तुमच्या घरी जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर आहे.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तुम्हाला येता आलं नाही. काका नवा कॅमेरा घेऊन आले. त्यांच्या मुलीला मुंबईत नोकरी लागली होती. पहिल्या पगारातून तिने तो त्यांना घेऊन दिला होता. काका त्याला तान्ह्या बाळासारखं धरत होते. आजोबांना खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं, कॅमेरा तिपाईवर लावला, हात वर केला. आधी मी आणि आजोबा, मग एकटे आजोबा. त्यानंतर महिनाही झाला नाही आणि आजोबा गेले.

दहाव्या दिवशी काका दारात उभे राहिले. हातात कॅमेरा, पण फोटो नाहीत.

"ताई, साहेब कॅमेऱ्यात हायत. बघा." त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा माझ्यासमोर धरला. आगपेटीएवढ्या चौकोनात आजोबा बसलेले होते. "हायत. फक्त बाहेर येत नायत."

त्याचं कारण असं. कॅमेरा दोन प्रकारे फोटो साठवू शकतो. एक तयार फोटो, कुठेही उघडणारा. दुसरी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने जे पाहिलं ते सगळं, अजून न धुतलेलं. काका जुन्या रोलच्या काळातले. रॉ फाइलला ते निगेटिव्हच म्हणत आणि तेवढीच ठेवत. "तयार फोटो म्हनजे हॉटेलची भाजी. निगेटिव्ह आपली, धुनार आपन." नव्या कॅमेऱ्यावरही त्यांनी सवयीने तेच लावून ठेवलं होतं. पण त्यांचं फोटो धुवायचं सॉफ्टवेअर फार जुनं, सीडीवरून घातलेलं. ते बनलं तेव्हा हा कॅमेरा जन्मालाही आला नव्हता, त्यामुळे त्याच्या फाइली त्याला ओळखू येईनात. काकांनी फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं बदलून जुन्या कॅमेऱ्याची लावून पाहिली.

"म्हटलं, नाव बदललं तर घरात घेतील. नाय घेतलं."

तेराव्याला आजोबांचा बँकेच्या पासबुकावरचा जुना फोटो मोठा करून लावला. त्यात ते कोणावर तरी रागावलेले दिसत होते.

मी काकांना म्हटलं, नवीन सॉफ्टवेअर घ्या. तर त्यासाठी नवा कॉम्प्युटर लागत होता. आणि खरं कारण ते नव्हतंच. "ताई, हे जुनं म्हनजे माझं घर हाय. अंधारात उठून पानी पिऊन येईन, पाय कुठं आपटनार नाय. नव्या घरात मी साहेबांना कुठं शोधू?"

तरी माझ्यासाठी ते फाइलची एक प्रत घेऊन तुळिंजला दुसऱ्या एका स्टुडिओत गेले. तिथे ती लगेच उघडली. फोटो घेऊन आले, पाकीट माझ्या हातात दिलं आणि पायातल्या चपलेकडे बघत उभे राहिले. आजोबांच्या कपाळावर एकही रेघ नव्हती. गाल गुळगुळीत होते. हनुवटीवरचा, लेथवरून उडालेल्या कपचीचा व्रण पुसून टाकलेला होता.

"हे कोण?" मी विचारलं.

"मला पन तेच कोडं पडलंय. साहेबांचे लहान भाऊ असतील." मग हळूच म्हणाले, "त्यांची चूक नाय ताई. लोकांना असंच लागतं. पन निगेटिव्ह मी काढली. मी श्वास बघितला. मलाच धुवायला पायजे."

त्यांनी मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढून रुमालात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं. आजोबा अडकलेले असताना दुसऱ्या कोणाचा फोटो काढायचा नाही म्हणून नवा कॅमेरा वापरायचंच सोडलं आणि लग्नाच्या ऑर्डरी पुन्हा जुन्या कॅमेऱ्यावर घेऊ लागले. मुलगी चिडली. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "पप्पा, मी काय शोकेसमध्ये ठेवायला दिला तो?"

"साहेब बाहेर येऊ दे. मग वापरतो."

मी ठरवलं की हे आपण मार्गी लावायचं. ऑफिसात माझी सगळी हयात इंग्रजी पत्रं वाचण्यात गेली. कोणाला नेमकं काय म्हणायचं आहे ते ओळखायची सवय आहे. तुमच्या बाबांनी दिलेला लॅपटॉप घेऊन इंटरनेटवर शोधायला बसले. जगभरात काकांसारखी पुष्कळ माणसं निघाली. सगळ्यांचा प्रश्न तोच, नव्या कॅमेऱ्याची फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कशी उघडायची. बहुतेकांना उत्तर एकच मिळालं होतं, नवीन विकत घ्या. काही जणांनी तर वर टोमणेही मारले होते. पण शेवटी एका सज्जनाने नीट समजावून दिलेलं सापडलं. एक फुकटचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं. ते नव्या फाइलचं एका सर्वसाधारण निगेटिव्हमध्ये रूपांतर करतं, आणि ती निगेटिव्ह जुन्या सॉफ्टवेअरलाही वाचता येते. काकांच्या कॉम्प्युटरवर ते चालेना, म्हणून माझ्या लॅपटॉपवर घेतलं. काकांनी कार्ड देव्हाऱ्यातून काढून आणलं. मी रूपांतर केलं, पेन ड्राइव्हवर घातलं आणि आम्ही रिक्षाने गोखिवऱ्याला गेलो.

उघडलं नाही.

काका म्हणाले, "राहू द्या ताई. तुमी केलंत तेवढं खूप झालं." त्यांचा आवाज असा आला की मी तशीच घरी परतले आणि त्या सज्जनाचं उत्तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. शेवटी त्याने लिहिलं होतं, रूपांतर करताना तुमचं सॉफ्टवेअर किती जुनं आहे ते आधी सांगा. नाहीतर ही निगेटिव्हही आजच्या सॉफ्टवेअरपुरतीच बनते. मी ते वाचून सोडून दिलं होतं. सेटिंगमध्ये गेले, यादीत खाली खाली जाऊन काकांच्या सॉफ्टवेअरइतकी जुनी आवृत्ती निवडली आणि पुन्हा रूपांतर केलं. त्याच लॅपटॉपवर ती फाइल उघडून बघता आली असती. मी बघितली नाही. आधी काकांनी बघावी असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकू लागली. आणि मग आजोबा आले. पूर्ण पडदाभर. फिकट, जरा पिवळसर, पण कपाळावरच्या रेघा, हनुवटीवरचा व्रण, शर्टाच्या खिशाला अडकवलेलं पेन, सगळं होतं. खांदे खाली आलेले होते.

काकांनी माउसवरचा हात काढून घेतला. "साहेब," एवढंच म्हणाले. बाहेर कोणीतरी झेरॉक्स मिळेल का म्हणून विचारत होतं. काकांना ते ऐकू गेलं नाही.

मग त्यांनी धुवायला घेतलं. पडद्यावर कुठे काय आहे ते न बघताच हात चालत होता. पिवळेपणा गेला, आजोबांचा रंग आला. व्रणाला त्यांनी हात लावला नाही. शेवटी चेहरा मोठा केला, चष्मा आणखी मोठा केला. डाव्या काचेवर चमक होती. नीट पाहिलं तर ती आपल्या हॉलची खिडकी होती आणि खिडकीपुढे तिपाईमागे एक माणूस.

"हा मी," काका म्हणाले. "काढतो."

"राहू द्या की. छान आहे."

"नाय ताई. साहेबांच्या डोळ्यात माझं काय काम?"

आणि त्यांनी स्वतःला पुसून टाकलं. काच स्वच्छ झाली, त्यामागे आजोबांचा डोळा आला. तुमच्या घरी आहे तो हा फोटो. नवा कॅमेरा दुसऱ्याच दिवशी एका बारशाला गेला. त्यांच्या मुलीने मला फोन करून सांगितलं.

पुढे नव्या कॅमेऱ्याचं प्रत्येक काम आधी माझ्याकडे येऊ लागलं. काका कार्ड घेऊन येत, मी रूपांतर करून देत असे. मी चहा ठेवी आणि ते आजोबांच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसत. कितीही सांगितलं तरी.

यंदा दिवाळी झाली आणि काका गेले. काही दुखणं नव्हतं. सकाळी स्टुडिओचं शटर अर्धं वर केलं होतं, तिथेच.

तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी माझ्याकडे आली. "आजी, लावायला पप्पांचा फोटोच नाय. सगळ्या गावाचे आहेत घरात. त्यांचा एक नाय. आधार कार्डावरचा आहे, पन त्यात ते कोणी दुसरेच वाटतात."

मी तिला बसवलं आणि लॅपटॉप उघडला. धुतलेला फोटो काकांनी दिला होता, पण न धुतलेली निगेटिव्ह मी पुसली नव्हती. मी काही पुसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आजोबांचा चष्मा मोठा केला, डावी काच आणखी मोठी केली. खिडकी आली. तिपाई आली. तिच्यामागे फुटाण्याएवढा माणूस, चेहऱ्यासमोर कॅमेरा, डावा हात वर.

"तोंड नाही दिसत गं," मी म्हटलं.

ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. "तोंड कोणी बघितलंय त्यांचं, आजी? सगळ्यांनी हा हातच बघितलाय." मग तिने आपल्या बोटाने तो हात झाकला आणि पुन्हा उघडला.

हार आधार कार्डावरच्या फोटोलाच घातला. तेवढ्याशा ठिपक्याला हार घालणार कसा?

आज मी तुम्हाला ती न धुतलेली निगेटिव्ह पाठवते आहे. तुमच्याकडचं सगळं नवीनच असेल, त्यामुळे ती सहज उघडेल. जरा पिवळी वाटेल. रंग दुरुस्त करू नका. डावी काच मोठी करून बघा. हात अजून वर आहे. काचेच्या बाहेर आजोबा बसले आहेत, हललेले नाहीत, आणि त्यांचे खांदे नुकतेच खाली आले आहेत.